नळीतली रेघ

"कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि बद्रीनाथच्या तोंडून चटकन निघून गेलं, "दोन वर्षं झाली असतील."

प्रश्न तसा साधा होता. बाईंनी तो कागदावर काहीतरी लिहिता लिहिता विचारला असावा, कारण आवाज खालच्या बाजूनं आला. त्यांचा चेहरा बद्रीनाथला दिसत नव्हता. चेहऱ्याच्या जागी एक करडा डाग होता, आणि डागाभोवती पांढरा कोट, टेबलाची कड, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं जागच्या जागी. थोड्या वेळापूर्वी बाईंनी त्याच्या हातात चौकटी-चौकटींचा एक कागद दिला होता, एक डोळा झाकायला लावला होता आणि विचारलं होतं, मधला ठिपका दिसतो का? ठिपका नव्हताच. ठिपका जिथं असायला हवा तिथं काहीच नव्हतं, आणि त्याच्या आजूबाजूच्या सरळ रेघा वाकून, पोक काढून उभ्या होत्या. त्या वाकलेल्या रेघा त्यानं ओळखल्या. अशी रेघ त्यानं पूर्वी पाहिली होती. दोन वर्षांपूर्वी नव्हे, तेरा वर्षांपूर्वी, गावच्या दूध डेअरीत, काचेच्या नळीत. हे त्याला तिथल्या तिथं, त्या खुर्चीवर बसल्या बसल्या लख्ख कळलं आणि तरीही तो दोन वर्षं म्हणाला. बाहत्तर वर्षांच्या माणसानं एका अनोळखी डॉक्टरणीशी खोटं बोलायचं काही कारण होतं का? नव्हतं. पण या खोट्याला तेरा वर्षांची सवय होती, ते आपलं आपण चालून आलं.

शेजारी बसलेली मालनबाई, त्याची बायको, तोवर बाईंना जाब विचारायला लागली होती. मोतीबिंदू काढला, हिरवी पट्टी बांधली, महिनाभर डोक्यावरून पाणी घेतलं न्हाई, तरी फरक कावून पडंना? बाईंनी समजावून सांगितलं. मोतीबिंदू वेगळा, हे आतल्या पडद्याचं. वयानं झिजतो. मधली नजर जाते, कडेची राहते. काळोख होणार नाही, चालता-फिरता येईल, पण मधलं गेलेलं परत येत नाही. "ज्याच्याकडे बघायचंय त्याच्याकडे बघू नका, बाबा," त्या म्हणाल्या, "त्याच्या शेजारी बघा. मग ते कडेनं दिसेल." मालनबाईला हे काही पटलं नसावं. ती खुर्चीत चुळबुळली आणि एकदम आवाज खाली करून म्हणाली, "बाई, आनखी येक हाय. ह्यांना कायबाय दिसतंय. समदं रान वाळून कोळ झालंय आन् ह्यांना घास दिसतोय, हिरवागार. भितीवरून फेटेवाली मानसं चालत्यात म्हन्त्यात, इतकी इतकी." तिनं हातानं माप दाखवलं असणार. बद्रीनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाई हसल्या नाहीत. डोळ्याकडून मेंदूला मधलं काही मिळेनासं झालं, की मेंदू ती रिकामी जागा आपल्या पदरचं घालून भरतो, असं त्या म्हणाल्या. भूत नाही, वेड नाही, करणी नाही. दिसतात, पण बोलत नाहीत. नजर इकडून तिकडं केली की पुसली जातात. आणखी काय दिसतं, बाबा? "न्हाई," बद्रीनाथ म्हणाला, "येवढंच."

अंगणात दिसणाऱ्या बाईचं त्यानं सांगितलं नाही. बाईचं त्यानं मालनबाईलाही सांगितलं नव्हतं.

बीडहून परतताना एसटीत खिडकीची जागा मिळाली. नेकनूर मागं पडेपर्यंत तो नवीन विद्या करून बघत राहिला. पुढच्या सीटकडं बघायचं नाही, सीटच्या शेजारी बघायचं, मग सीटवर बसलेल्या माणसाचा कान दिसायचा, कानामागचा चष्म्याचा दोरा दिसायचा. कडेनं बघितलं की जग खरं होतं, आणि सगळ्या जगाकडं असं तिरकं, चोरून बघावं लागणार होतं, उरलेला जन्म. बाहेर रान जळून गेलं होतं. विहिरींवर टँकर उभे, बाभळीखाली जनावरांचे सांगाडे श्वास घेत उभे. पण बद्रीनाथ सरळ बघायचा तिथं खिडकीतून लसूणघासाचे वाफेच्या वाफे पळत होते, ओले, गर्द, कापणीला आलेले. असा घास त्यानं आयुष्यात कुठं पाहिला नव्हता. दुष्काळात आपल्यालाच तेवढं हिरवं दिसावं, याची त्याला लाज वाटायची. लोक पाण्यासाठी पहाटेपासून घागरी रांगेला लावतात, आणि हा म्हातारा फुकट हिरवळ बघत बसलेला.

घरात मालनबाईनं त्याच्यासाठी सगळी व्यवस्था लावली होती, तिला कुणी शिकवलेलं नसताना. उंबरठ्याला पिवळा पट्टा मारून घेतला. मिठाच्या बरणीला सुतळी बांधली, साखरेच्या बांधली नाही. मोबाइलच्या मधल्या बटनावर कुंकवाची टिकली चिकटवली. चहा तो स्वतः ओतून घ्यायचा, कपात बोटाचं पेर बुडवून, चटका बसला की थांबायचं. माणसं तो आवाजावरून, चपलेवरून, खोकल्यावरून ओळखायचा. दूध संस्थेचे चेअरमन सर्जेराव आले की आधी अत्तर यायचं, मग ते. गावातल्या कित्येकांना तर पत्ताही नव्हता की बद्रीआप्पाला समोरचं तोंड दिसत नाही, इतकं त्याला हे जमायला लागलं होतं. मालनबाई म्हणायची, लई लवकर शिकलाव. शिकायला तेरा वर्षं मिळाली होती, हे तिला काय माहीत?

बाई पहिल्यांदा दिसली ती माघात. तो ओसरीवर बसला होता आणि अंगणात, बरोब्बर मधोमध, डोक्यावरून पदर घेतलेली, हातात अॅल्युमिनियमची किटली धरलेली बाई उभी होती. त्याचे डोळे चांगले होते तेव्हासुद्धा कुणी माणूस इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं. चोळीच्या बाहीला मारलेला टाका दिसत होता. किटलीच्या झाकणाखाली घातलेलं चिंधुकलं दिसत होतं. चेहरा पुरता दिसत होता, आणि तो छबुबाईचा होता, आत्ताच्या नव्हे, तेरा वर्षांपूर्वी डेअरीत दूध घालणाऱ्या छबुबाईचा. नजर फिरवली की पुसली जायची, डॉक्टरीणबाई म्हणाल्या तशी. पण नजर किती वेळ फिरवत राहणार? थकून पुन्हा समोर बघितलं की हजर. रागावलेली नव्हती, रडत नव्हती. रांगेत उभं राहतात तशी उभी होती, आपला नंबर यायची वाट बघत.

डेअरीची रांग सकाळी सहाला लागायची. बद्रीनाथ गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी होता, एकतीस वर्षं. चाळीसेक सभासद, चाळीसेक किटल्या. संस्था म्हणजे पत्र्याची एक खोली, पुढं ओटा, ओट्यासमोर लिंबाचं झाड. खोलीत अॅसिडचा उग्र दर्प कायमचा मुरलेला. प्रत्येकाच्या दुधातलं थोडं थोडं काढून काचेच्या नळीत घालायचं, आधी अॅसिड, मग दूध, मग अल्कोहोलचे थेंब, बूच मारायचं, हलवायचं. नळी हातात चटचट तापायची, आतलं दूध जांभळटून काळं पडायचं. मग नळ्या मशीनमध्ये उभ्या करून हँडल गरगर फिरवायचं. थांबल्यावर काळ्या पाण्यावर पिवळी स्निग्धांशाची दांडी तरंगत असायची, आणि तिच्या माथ्याची रेघ कुठल्या खुणेवर आली ते वाचायचं. ती फॅट. गाईला साडेतीनच्या वर लागली तर दूध घ्यायचं, खाली लागली तर नाही. बद्रीनाथ नळी उजेडाला धरायचा, भुवया आवळायचा आणि खणखणीत आवाजात आकडा पुकारायचा, चार पॉइंट दोनला 'चार-दोन'. ओट्याखाली चाळीस माणसं कान टवकारून उभी. आकडा पुकारायची पद्धत त्यानंच पाडली होती, सगळ्यांसमोर झालं म्हणजे कुरकूर नको. आणि दुसरीही एक पद्धत त्यानंच पाडली होती. लागोपाठ तीनदा कमी लागलं तर ते पाण्याचं दूध समजायचं, आणि परत न देता सगळ्यांदेखत लिंबाच्या बुडात ओतायचं. लोकांना जरब बसावी म्हणून. बसलीही. गावातलं भांडण एकवेळ पोलिसात जायचं, पण बद्रीआप्पाच्या नळीवर कुणी बोट ठेवलं नाही. नळी वाचता येणारा गावात तो एकटा होता, हेही त्याचं एक कारण असेल.

मग दोन हजार तीनचा तो दुष्काळ आला, आणि त्याच उन्हाळ्यात एका सकाळी नळीतली रेघ वाकली. सरळ आडवी रेघ, मध्येच पोक काढून. त्यानं नळीला दोष दिला. तालुक्याच्या संघाला पत्र टाकून नव्या नळ्या मागवल्या. नव्या नळ्यांतही रेघ वाकडी. नारायणगडाच्या जत्रेतून एक चष्मा आणला, त्यानं खुणा मोठ्या झाल्या आणि डागही मोठा झाला. पावसाळ्यापर्यंत रेघेच्या जागी रेघ नव्हती, धूसर धुकं होतं. त्याच दिवसांत सर्जेरावांची नळी हातात होती. ओट्यासमोर खुद्द चेअरमन उभे, मागं सगळी रांग, आणि नळीत काही म्हणता काही दिसेना. एकोणसाठ वर्षांचा माणूस, सेक्रेटरीपणाखेरीज अंगात दुसरी कला नाही, दिसत नाही म्हणालो तर उद्या खोलीची किल्ली दुसऱ्याकडं जाईल, आणि आपण लिंबाखाली बसून खोकत राहू. त्यानं नळीवरून नजर काढून चेअरमनच्या तोंडाकडं बघितलं, भुवया आवळल्या आणि पुकारलं, "चार-दोन!" चेअरमननी मान हलवली. रांगेत कुणी हूं की चूं केलं नाही. आणि बद्रीनाथला वाट सापडली.

सोपं होतं. माणसं सगळी माहितीची. कुणाच्या घरी सरकी-पेंड आहे, कुणाची गाय जातीची आहे, हे ठाऊक होतंच. कोण आकड्यावरून भांडेल, कोण संघात तक्रार करेल, कुणाचा भाऊ पंचायतीत आहे, हेही ठाऊक होतं. आणि कुणाला तीन-चार म्हटलं तर ती मुकाट किटली उचलून निघून जाईल, हे कळायला तर नळीच लागत नव्हती. सगळ्यांनाच चांगली फॅट लावली असती तर संघाच्या टँकरच्या मोजणीत उघडं पडलं असतं. कुणालातरी कमी लावावीच लागायची. जात बघून आपण कधी आकडा पुकारला नाही, असं तो स्वतःला बजावायचा. आता रात्रंदिवस ओसरीवर बसून तो जुन्या सकाळी आठवायचा, एकेक तोंड, एकेक आकडा, आणि भीमनगरातून येणाऱ्या तिघींपैकी कुणाला त्या वर्षात एकदा तरी चारच्या वर पुकारलं होतं का, हे त्याला आठवायचं नाही. म्हणजे आठवायचं. पुकारलं नव्हतं.

त्या तिघींतल्या छबुबाईची एक गाय होती. नवरा दम्यानं खाटेला खिळलेला. उसाचं वाढं, शेंगाची टरफलं, कुठून कुठून गोळा करून तिनं ती गाय जगवली होती आणि रोज तीन लिटर दूध घालायची. एक दिवस तिला तीन-एक पुकारलं, दुसऱ्या दिवशी तीन-दोन. तिसऱ्या दिवशी नळी उजेडाला धरली, धुक्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि "तीन-एक" म्हणाला. ती जागची हलली नाही. ओट्याला हात टेकून म्हणाली, "सायेब, फिरून येकदा बगा की. नीट बगा." नुसतं एवढंच. पण बद्रीनाथच्या अंगावर कुणी उकळतं पाणी टाकावं तसं झालं. हिला कळलं? रांगेला कळलं? हे 'नीट' हिनं कुठून काढलं? दुसरी कुणी 'मी पाणी घातलं न्हाई' म्हणत रडली असती तर त्यानं कदाचित दोन पॉइंट वाढवूनही टाकले असते. पण ही डोळ्यांवर आली. "मला शिकवतीस?" तो ओरडला आणि ओट्यावरून उतरून त्यानं स्वतःच्या हातानं किटली उचलली आणि तीन लिटर दूध लिंबाच्या बुडात उपडं केलं. माती भेगाळलेली, दूध डोळ्यांदेखत जिरून गेलं. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "गावात प्यायला पानी न्हाई आन् हिच्या दुधात हाय बगा!" आणि सगळी रांग खदखदून हसली. बद्रीनाथही हसला. त्याला आठवतं, तो सगळ्यांत उशिरा हसला आणि सगळ्यांत मोठ्यांदा.

तिचं नाव सभासदांतून काढलं, ठराव झाला. महिन्याच्या आत गाय बाजारात गेली, दिवाळीनंतर ती नवऱ्याला आणि पोरीला घेऊन टोळीबरोबर ऊस तोडायला गेली. नवरा तिकडंच उसाच्या फडावर वारला. ती परत आली तेव्हा गावानं तिच्यासाठी नाव ठेवूनच दिलं होतं, पाणीवाली. हाक मारताना कुणी म्हणायचं नाही, पण पाठीमागं सगळे तेच म्हणायचे. कुठली छबू? पाणीवाली. लग्नपत्रिका वाटणाऱ्यांनी विचारलं तरी तेच, टँकरवाल्यानं विचारलं तरी तेच. दोन वर्षांनी डेअरीत बटन दाबलं की आकडा दाखवणारं मशीन आलं, आणि बद्रीनाथ नारळ-शाल घेऊन सन्मानानं घरी बसला. भाषणात सर्जेराव म्हणाले होते, असा नजरेचा पक्का माणूस पुन्हा होणं नाही.

यंदा संस्थेनं गावाबाहेर माळावर चारा छावणी उघडली होती. बीडहून आल्याच्या चौथ्या दिवशी मालनबाई भाकरी थापता थापता सांगत होती, "त्या छबुबाईला हाकललं जनू छावनीतनं. गाय घिऊन गेलती. चेअरमन म्हन्ले, सबासदाची जनावरं आदी. आन् तू तर भेसळीत काडलेली." बद्रीनाथचा घास तोंडात फिरायला लागला. "गाय हाय तिला?" त्यानं विचारलं. "हाय की. ऊस तोडून तोडून घेतलीया. गाबन हाय. आता खाटकाला द्यावी लागती का काय." मग भाकरी तव्यावर टाकत ती सहज म्हणाली, "काय बाई तरी! पानी घातलंच कावून आसंल तिनं?" ही बाई चाळीस वर्षं त्याचं अन्न रांधत होती. तिला सांगता येत नव्हतं, तर कुणाला सांगणार? त्या दिवसापासून अंगणातली ती हलेनाच. नजर फिरवून फिरवून डोळ्यांतून पाणी यायचं. शेवटी एका दुपारी त्यानं तिच्याशी बोलायला सुरुवात केली. काहीही. बस म्हणायचा. ऊन लई हाय, सावलीला ये म्हणायचा. बोलणारं माणूस नव्हे हे माहीत होतं, म्हणूनच बोलता येत होतं.

आणि मग तो सोमवार. मालनबाई घागरी घेऊन टँकरकडं गेलेली. दुपारचं ऊन अंगणात ओतल्यासारखं. ती उभी होती. आज किटली नव्हती, पण त्याच्या ते ध्यानात आलं नाही. आज त्याला फार थकल्यासारखं झालं होतं. तो म्हणाला, "छबुबाई, तुझ्या दुधात पानी नव्हतं." ती उभी राहिली. "मला नळी दिसत नव्हती. लई दिवस झालते. मी तुझं तोंड बगून आकडा म्हन्लो. तू काय करशील, कुनाला सांगशील, म्हनून. आन् तू नीट बगा म्हन्लीस तवा मला वाटलं, ही मला धरती आता. म्हनून वतलं. रागानं न्हाई, भिऊन वतलं." इतकं बोलून त्याला हुंदका आला. तेरा वर्षांत हे शब्द कधी तोंडाबाहेर आले नव्हते. त्यानं डोळे पुसले आणि सवयीनं नजर फिरवली, तिला पुसून टाकायला. ती पुसली गेली नाही. नजर लिंबोणीवर नेली, तर ती कडेला आली, आणि कडेला आल्यावर आणखी खरी झाली. टाचांच्या भेगा दिसल्या. विटलेल्या लुगड्याचा काठ दिसला, अंगणाच्या फरशीवर तिची सावली दिसली, आखूड. पांढरे केस होते.

"मला ठावं हाय की माज्या दुधात पानी नव्हतं," छबुबाई म्हणाली. आवाज कोरडा, ओरखडल्यासारखा. "ते मला कावून सांगताव, आप्पा? मी छावनीचं सांगाया आलते. तुमी येक सबूद टाका म्हनाया. म्हन्लं, आता म्हातारं झालं मानूस, कोन जाने, दया यील." मग म्हणाली, "गावाला सांगा."

तो तिथंच उठला. काठी सापडेना तर तिनं ती त्याच्या हाताजवळ सरकवली, हातात दिली नाही. ती पुढं, तो मागं. पांदीच्या वाटेनं तो तिच्या चपलेच्या आवाजावर चालत गेला, मध्येच सरळ बघितलं की वाटेवर हिरवा घास उगवायचा आणि पाय अडखळायचा. तिच्या गाईच्या गळ्यातली घंटा वाटेत सामील झाली. तिनं गाय मघाशीच बाभळीला बांधून ठेवली असावी. छावणी शेणाच्या वासानं आधी आली, मग आवाजानं. चारावाटपाची वेळ होती, तीन-चारशे जनावरं एकदम हंबरत होती. बद्रीनाथ वाटपाच्या टेबलापाशी पोहोचला. अत्तराचा वास आला, तसा तिकडं तोंड करून म्हणाला, "चेअरमन, मला बोलायचंय. सगळ्यांना ऐकू जाऊ द्या." आणि पुकारायच्या त्याच जुन्या आवाजात त्यानं सगळं सांगितलं. नळी, रेघ, तोंडं, लिंबाचं बूड. समोर माणसं होती का? डागाच्या जागी दाटी होती, फेटे होते, पण फेटे तर भिंतीवरूनही चालायचे. तो खऱ्या माणसांना सांगत होता की आपल्या डोक्यातल्या, ते कळायला काही मार्ग नव्हता. बोलून झालं. कुठंतरी एक वासरू खोकलं.

"मंग आमचं काय, आप्पा?" सर्जेराव सावकाश म्हणाले. "आमची चार-दोन बी तोंड बगूनच लावली म्हना की."

"हौ," बद्रीनाथ म्हणाला. "तुमची बी. समद्यांची."

आता खरोखरच माणसं आहेत हे कळलं, कारण ती कुजबुजायला लागली. एकतीस वर्षांचे आकडे होते. कुणाच्या कपाटात जिल्ह्याचं आदर्श दूध उत्पादकाचं प्रमाणपत्र होतं. सर्जेराव हसले. "बसा आप्पा, उनाचं आलाव. पानी द्या रे त्यांना. वैनीच सांगत होत्या, वाळल्या रानात घास दिसतोय म्हने तुमाला. भितीवर मानसं दिसत्यात. तसंच हे." आणि लोक हसले. सुटल्यासारखे, मोकळे हसले. बद्रीनाथला ते हसू ओळखीचं वाटलं. "संस्थेचा ठराव हाय, तो काय आसा तोंडी मोडत न्हाई. पुरावा लागतोय."

"मीच की पुरावा."

"तुमाला तर दिसत न्हाई."

"तेच तर सांगायलोय," बद्रीनाथ ओरडला. "तेरा वरसं झाली दिसत न्हाई!"

पण वाटप सुरू झालं होतं, पेंढ्या धपाधप पडत होत्या, नावं पुकारली जात होती. कुणीतरी त्याच्या दंडाला धरून वळवलं, चला आप्पा, घरी सोडतो. त्यानं दंड हिसकावून घेतला. त्याला छबुबाईचा आवाज हवा होता, तो येत नव्हता. गेली वाटतं. मग उजवीकडं, कडेला, घंटा वाजली. त्यानं आवाजाच्या शेजारी बघितलं, तेव्हा ती दिसली. जनावरांच्या ओळीत एक खुंटा मोकळा होता, तिनं गाय तिथं नेऊन उभी केली होती आणि वाकून दावं बांधत होती, कुणाला न विचारता. "ये बाई!" कुणीतरी खेकसलं. बद्रीनाथ काठी टेकत, जनावरांच्या अंगांना हात लावत लावत तिथवर गेला. चाचपून दावं हातात घेतलं, मनगटाला दोन वेढे दिले आणि खुंट्याला पाठ लावून शेणमातीत खाली बसला. "सोडायची आसंल तर आदी मला उचला," तो म्हणाला. गाईचा श्वास त्याच्या मानेवर येत होता. एकतीस वर्षं सेक्रेटरी राहिलेल्या म्हाताऱ्याला सगळ्यांदेखत फरफटत न्यायची कुणाची छाती होईना. खेकसणारा दोन पावलं आला आणि थांबला, त्याच्या चपला थांबल्या. सर्जेराव लांबून काहीतरी बोलले आणि वाटप पुढं चालू राहिलं.

ऊन कलायला लागलं. कुणी पेंढी टाकली नाही, कुणी हाकललंही नाही. बद्रीनाथनं समोर बघितलं. मधोमध ती उभी होती, तरणी, पदर घेतलेली, किटली धरून. आणि कडेला, त्याच्याच हातभर अंतरावर, छबुबाई मातीत बसून गाईच्या पोटाखालच्या गोचिडी वेचत होती. दोघी एकदमच दिसत होत्या. तो नजर फिरवत राहिला नाही.

"रातभर बसताव का काय?" तिनं विचारलं.

"बसतो."

"बसा," ती म्हणाली. गोचीड दगडावर चिरडल्याचा बारीक आवाज झाला. "पन मी तुमाला माफ केलं आसं समजू नका."

"न्हाई समजत," बद्रीनाथ म्हणाला आणि दाव्याचा तिसरा वेढा मनगटाला दिला.